सात जणांची दुर्बीण

पहाटे ४.१५

एप्रिलमध्ये पाटणबोरीच्या बाजूला घरात कोणी झोपत नाही. अंगणातल्या खाटेवरून काकाजी उठतात, चूळ भरतात आणि चहा उकळेस्तोवर दुर्बिणीचा डबा उघडतात. टिपेश्वर अभयारण्यातले हे जुने गाइड. गेटवर लहानथोर सगळे त्यांना काकाजीच म्हणतात. डबा स्टीलचा, एके काळचा चिवड्याचा, घट्ट झाकणाचा. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यांतून, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरते आणि एकदा का ती आत शिरली की दुर्बीण दुरुस्तीला नागपूरच्या पुढे धाडावी लागते, म्हणून हा सोपस्कार.

कालचा फुफाटा भिंगांवर बसलेला असतो. आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ कुंचल्याने कडा झाडायच्या, मग तोंडाची वाफ आणि शेवटी चष्म्याचं फडकं. हा क्रम ते चुकवत नाहीत. जंगलातल्या रस्त्यांची धूळ म्हणजे मुरमाचा चुरा. ती भिंगावर असताना दुपट्ट्याने पुसलं की वरचा लेप खरवडलाच. गेटवरच्या निम्म्या दुर्बिणी दुपट्ट्यानेच आंधळ्या झाल्यात, असं त्यांचं मत आहे.

मी आलोय ते त्यांच्या पुतण्यासाठी. पोरगा यंदा गाइडचं प्रशिक्षण घेऊन कामाला लागला, गळ्यात दुर्बीण मात्र नाही. पंधरा हजार जमवलेत, त्यापुढे एक रुपया नाही. मोबाइलवर चार महिने दुर्बिणी पाहून त्याचं डोकं भणाणलंय. ‘तुम्ही शहरातले, तुम्ही सांगा’ म्हणून मला निरोप. मी म्हटलं, आधी एक दिवस तुमच्यासोबत जिप्सीत बसतो. दुर्बीण कोणती घ्यायची ते दुकानात नाही, कामावर ठरतं.

पहाटे ५.३०

सुन्ना गेट. नागपूर–हैदराबाद महामार्गावरून पाटणबोरीपाशी आत वळलं की हे गेट लागतं. नागपूरकर, हैदराबादकर आणि पैनगंगेपलीकडचे आदिलाबादकर इथे एकाच रांगेत ओळखपत्रं दाखवत उभे असतात. जिप्सीत सहा पर्यटक, एक ड्रायव्हर, एक गाइड. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं. ताडोबाच्या मानाने छोटंसं, पण वाघांनी गजबजलेलं. म्हणून तर इथल्या पोरांना बाहेर पडावं लागतं. इथे जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला नर वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणाची शेतं, ओढे, रस्ते तुडवत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरने मोजलेली त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. त्याला ‘वॉकर’ असं नाव पडलं. काकाजी मात्र ‘आमचं पोरगं’ म्हणतात.

गेटवर उभं राहून लोकांच्या गळ्यात काय लटकतंय ते पाहणं हा मोठा करमणुकीचा भाग आहे. कॅमेऱ्यांच्या तोफा असतात, आणि हमखास एक तरी घडीची छोटी दुर्बीण असते, जिच्यावर ३०×६० असं ठसठशीत छापलेलं असतं. भिंगं लालभडक. हिचा मालक आज आमच्याच गाडीत आहे, पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ. ‘तीस पट दिसतं,’ ते पुतण्याला सांगतात. पोरगा आदराने हातात घेतो आणि माझ्याकडे पाहतो.

दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. या दुर्बिणीचं पुढचं भिंग पट्टीने मोजलं तर साठ राहू द्या, तीससुद्धा भरणार नाही. आणि खरोखर तीस पट असती, तर हातात धरून पाहता आली नसती. आपला हात थोडाफार थरथरतोच आणि दुर्बीण ती थरथरही तितकेच पट मोठी करते. दहा पटीच्या वर गेलं की तिपाई लागते. जत्रेत आणि ऑनलाइन बाजारात हे मोठमोठे आकडे खपतात, कारण गिऱ्हाइकाला आकडा कळतो आणि भिंग कळत नाही. गृहस्थांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. सहलीला आलेल्या माणसाची दुर्बीण खोटी ठरवून मिळवायचं काय?

सकाळी ६.०५

सगळ्या दिवसाची परीक्षा या पाऊण तासात होते.

सूर्य अजून सागाच्या आड आहे. आकाशात उजेड आलाय, जमिनीवर नाही. एका वळणावर काकाजी ड्रायव्हरच्या खांद्याला बोट लावतात. गाडी थांबते, इंजिन बंद. डावीकडे मोहाचं जुनं झाड आहे, खाली फुलांचा सडा पडलेला, वास गाडीपर्यंत येतोय. झाडामागे काळोखाचा एक ढीग आहे. दगड असेल, वारूळ असेल. सहाही पर्यटक एकदम दुर्बिणी आणि मोबाइल वर करतात आणि एकदम विचारतात, कुठे?

काकाजी दुर्बीण उचलत नाहीत. आधी नुसत्या डोळ्यांनी त्या काळ्या ढिगावर नजर रोखतात. मग नजर तिथून न हलवता दुर्बीण हळूच डोळ्यांसमोर आणतात. हे साधं वाटतं, पण नवखा माणूस नेमकं उलटं करतो. आधी दुर्बीण डोळ्याला लावतो आणि मग जंगलभर जनावर हुडकत फिरतो. नुसत्या डोळ्याने शोधायचं आणि दुर्बिणीने ओळखायचं, ही विभागणी ज्याच्या हाडात मुरली तो गाइड.

‘अस्वल हाय जी. मोह खाऊन राह्यलं.’

मी त्यांच्याकडून दुर्बीण घेतो. जुनी ८×४०, रुंद खांद्यांची. काळ्या ढिगाला आकार येतो. लांबुडकं फिकट थोबाड जमिनीलगत सरकतंय, फुलं हुंगतंय. पुढच्या पंजाची नखं पाचोळा मागे ओढतायत. मान वर झाली की छातीवरचा पांढुरका बाक क्षणभर दिसतो. लगेच मी पुण्याच्या गृहस्थांची दुर्बीण मागून घेतो आणि त्याच जागी लावतो. काळा ढीग. काठ अंधुक, आत काहीच नाही.

याचं कारण पट नव्हे, उजेड आहे. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे केली, की डोळ्याकडच्या भिंगात उजेडाची एक गोल टिकली दिसते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की तिचा आकार मिळतो. ८×४० ची टिकली ५ मिलीमीटरची, ८×४२ ची सव्वापाच, १०×४२ ची ४.२ आणि बाजारातल्या ८×२१ ची जेमतेम अडीच. अंधारात आपली बाहुली पाच-सात मिलीमीटरपर्यंत उघडते, वय वाढेल तशी कमी. टिकली बाहुलीपेक्षा बारीक असली की उरलेली बाहुली उपाशी राहते. भर दुपारी बाहुलीच दोन-अडीच मिलीमीटरवर आलेली असते, त्यामुळे स्वस्त छोट्या दुर्बिणीतूनही झकास दिसतं, आणि दुकानात तर ट्यूबलाइट असते. फरक कळतो तो असा, मोहाखाली, सहा वाजता.

मग दुर्बीण मागे जाते आणि खरा कार्यक्रम सुरू होतो. मागच्या सीटवरच्या आजी चष्मा काढू की ठेवू विचारतात. त्यांची नात दहा-अकरा वर्षांची, तिचे डोळे जवळजवळ, तिला दोन वेगळी वर्तुळं दिसतात. काकाजी मागे वळून दुर्बिणीची बिजागरी मिटवून देतात. तिचे बाबा फोकसचं चाक थेट टोकापर्यंत फिरवतात. पुढचा माणूस डोळ्याच्या भिंगाभोवतालचं कडंही फिरवायला जातो, पण ते हलत नाही. त्यावर काळी इन्शुलेशन टेप गुंडाळलेली आहे. हे कडं डाव्या-उजव्या डोळ्यांतला फरक जुळवण्यासाठी असतं. एकदा आपल्या डोळ्यांना लावून घेतलं की पुन्हा हात लावायचा नसतो. पण सहा अनोळखी माणसांच्या हातून गेल्यावर ते जागेवर राहील याची हमी नाही, म्हणून टेप.

अस्वल वीस मिनिटं थांबलं. त्यातली दोन मिनिटं दुर्बीण काकाजींकडे होती, बाकी वेळ लोकांकडे. मी हे वहीत लिहून ठेवलं. पंधरा हजारांचा प्रश्न मला तिथेच वेगळा दिसायला लागला.

सकाळी ७.४०

ऊन आलं की सगळं सोपं होतं. तारेवर नीलपंख, वाळक्या फांदीवर तुरेवाला सर्पगरुड, बांबूच्या बेटात टकाचोर. पुतण्याला पक्षी येतात, वाघापेक्षा जास्त आवडतातही. पाणवठ्याच्या कडेला पाच-सहा मीटरवर हळद्या उतरला तेव्हा काकाजींच्या दुर्बिणीला तो जेमतेम पेलला. जुन्या धाटणीच्या बऱ्याच दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आतलं स्पष्ट दाखवत नाहीत. फुलपाखरांचा नाद असेल तर ही अडचण मोठी. वाघवाल्यांना ती जाणवतही नाही.

वाघाचे ठसे दोनदा दिसले, वाघ नाही.

सकाळी १०.१५

पाटणबोरीला तर्री-पोहे. ही जिप्सीवाल्यांची संसद आहे. कुठल्या वाघिणीने कुठला पाणवठा धरलाय, कुणाच्या गाडीला काल सायटिंग झालं, कुणाचं बुकिंग रद्द झालं. दुर्बिणीचा विषय निघाला की प्रत्येकाचं मत वेगळं. एक जण म्हणतो दहा पटीच्या खाली घेऊच नये. दुसरा म्हणतो, त्याच्या एका पाहुण्याकडे दोन-अडीच लाखांची ऑस्ट्रियन स्वारोवस्की होती, तिच्यातून पाहिल्यावर घरी जाऊन आपली विकावीशी वाटली. खरं आहे ते. तिच्यातून पाहणं हा वेगळा अनुभव असतो. पण त्या किमतीत इथे जुनी जिप्सी येते.

गाइडला एका फेरीचे काही शे रुपये मिळतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर अभयारण्य बंद, तेव्हा तेही नाहीत. रोवणी-निंदणाला जावं लागतं. पंधरा हजार हे असे जमलेले पंधरा हजार आहेत. त्यात चूक परवडत नाही.

दुपारी १२.३०

काकाजींच्या ओसरीवर शेजारचा शेतकरी येऊन बसलाय. दुर्बीण घ्यायची चाललीय म्हटल्यावर त्यालाही हवीय. त्याचं वावर जंगलाला लागून. पावसाळ्यानंतर पऱ्हाटी आणि तूर उभी राहिली की रोही आणि डुकरं येतात, रात्र रात्र मचाणावर जागल करावी लागते. रोही लांबूनच दिसला तर हाकलता येईल, असा त्याचा हिशेब.

‘रातच्याले बायनोत काय दिसते बे? बॅटरी घे मोठी,’ काकाजी म्हणतात.

अगदी खरं. मात्र चांदणं असेल तर एक दुर्बीण चालते, ७×५०. टिकली सात मिलीमीटरची, जहाजांवर पहारा करणारे जुने खलाशी हीच वापरत. विदर्भातल्या अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं टिपतात, तेव्हाही तिच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही. पण वजन किलोच्या घरात, आणि दिवसा ती फुकटचा बोजा.

बोलता बोलता विषय शिकारीवर येतोच. दुर्बिणींच्या जगात बहुतेक जाहिराती शिकाऱ्यांसाठी असतात. पोराने मोबाइलवर पाहिलेली निम्मी माहितीही ‘शिकारीला कोणती घ्यावी’ अशीच होती, आणि त्यामुळेच त्याचा गोंधळ झाला. जर्मनी-ऑस्ट्रियातला शिकारी झाडावरच्या माचावर बसून सांजेच्या अंधारात रानडुकराची वाट पाहतो. तो ८×५६ घेतो, भलीमोठी. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा शिकारी उघड्या डोंगरावर बसून पलीकडच्या डोंगरावरचं हरीण तासन्‌तास शोधतो. तो १०×४२ किंवा त्याहून मोठी तिपाईवर लावतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. टिपेश्वरात मात्र ना तसा उघडा डोंगर, ना एका जागी बसायची मुभा. साग, गवताळ पट्टे, पन्नास ते दोनशे मीटरवरचं जनावर आणि हलती गाडी.

आपल्याकडे शिकारीचा दरवाजा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केला. रोही-डुकरांनी पीक खाल्लं तरी मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते. नाहीतर पंचनामा आणि नुकसानभरपाईची वाट. शेजारी यावर जे बोलला ते छापण्याजोगं नाही, पण त्याच्या जागी मी असतो तर वेगळं बोललो नसतो.

या भागाने अलीकडची एकच मोठी शिकार पाहिली, तीही सरकारी. टी-१ वाघीण, म्हणजे अवनी. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात दोन वर्षांत तेरा माणसं गेली. ते बळी तिच्या नावावर घातले गेले. लोक घोळक्याने वावरात जायचे आणि ऊन कलायच्या आत परतायचे. तिच्या मागावर शेकडो माणसं होती. कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, हत्ती, उष्णता टिपणारे कॅमेरे, एवढंच काय, वास घेऊन ती येईल म्हणून परदेशी अत्तरसुद्धा. महिने गेले. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाजवळ ती गोळीने मेली आणि त्यावरचा वाद पुढे कोर्टात गेला. ‘एवढी मशिनरी, पण सापडली ते रस्त्यावर,’ काकाजी म्हणाले. त्या दिवसांबद्दल ते याहून जास्त बोलत नाहीत. ज्यांची माणसं गेली ती घरंही याच तालुक्यांतली आहेत.

दुपारी २.००

बाहेर त्रेचाळीस अंश. कूलरसमोर भाकर, वांग्याची भाजी आणि पोराचा मोबाइल.

आता वही उघडली. जंगल काय मागतं? अंधुक उजेडात दिसावं, म्हणजे टिकली पाचच्या वर. हलत्या गाडीतून जनावर पटकन सापडावं, म्हणजे आवाका मोठा. या दोन्ही गोष्टींना आठ पट बरी. पट वाढली की दिसणारं वर्तुळ आक्रसतं, थरथर वाढते. म्हणजे ८×४२ च्या आसपास. इथवर काकाजी आणि मी एका मताचे. पोराला अजून दहा हवी आहे.

‘दहाची घेशील तर तुलेच दिसन. बाकीच्याइले नाई,’ काकाजी म्हणतात.

मला हवं होतं ते वाक्य हेच. शिकाऱ्याची दुर्बीण एका जोडी डोळ्यांसाठी असते. गाइडची सात जोड्यांसाठी. ती आजींच्या चष्म्यावरून चालली पाहिजे, नातीच्या जवळजवळच्या डोळ्यांना मिटली पाहिजे, तिच्या बाबांनी चाक कुठेही फिरवलं तरी दोन सेकंदांत परत जागेवर आली पाहिजे. गाइडने पाहिलं आणि पर्यटकाने पाहिलंच नाही, तर त्या पाहण्याची किंमत शून्य. वर ‘गाइड काहीही सांगतो’ हा शेराही मिळतो.

आता बाजार पाहू. या पैशांत दोन घराणी मिळतात. एक जुनं, पोरो लोलकांचं. इग्नात्सियो पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८९४ मध्ये जर्मनीच्या झाइसने तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. आजही त्याच त्या रुंद खांद्यांच्या. दुसरं घराणं सरळ नळ्यांचं, त्याला रूफ प्रिझम म्हणतात. दिसायला आटोपशीर, पण आतले लोलक फार नेमके घासावे लागतात. म्हणून सारख्याच पैशांत पोरोवाली सहसा जास्त उजळ आणि जास्त खोल दाखवते. दहा हजारांच्या आगेमागे मिळणाऱ्या ऑलिंपस ८×४० डीपीएस किंवा निकॉन ऍक्युलॉन ८×४२ या त्यातल्या ठरलेल्या चीजा. आठ अंशांचा प्रशस्त आवाका, प्रतिमा झकास. काकाजींची त्याच जातीची. पक्षी पाहायला एकट्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला मी डोळे मिटून हीच सांगेन, उरलेल्या पैशांत पक्ष्यांचं पुस्तक आणि एसटीचं भाडं.

पण या दोन्हींत एक गोम आहे. डोळा भिंगापासून किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराचा आकडा असतो. या दोघींचा साधारण १२ मिलीमीटर. चष्मा लावलेल्या माणसाला पंधरा-सोळा तरी हवे, नाहीतर त्याला मधलीच गोळी दिसते, कडा कापल्या जातात. सकाळी आजींनी चष्मा काढला तो यामुळेच. आणि या दुर्बिणी पाणी आत येऊ देतात. पाटणबोरीची धूळ आणि ऑक्टोबरातलं दव त्यांना सोसत नाही. डब्यातल्या पुड्या त्याचसाठी.

दुसऱ्या घराण्यात निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२. अंतर २० मिलीमीटर, वजन साडेपाचशे ग्रॅमच्या जरा वर, आत नायट्रोजन भरून बंद केलेली, म्हणजे धुकं-पाणी आत शिरत नाही. आवाका सव्वासात अंशांच्या आसपास, ऍक्युलॉनपेक्षा कमी. सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२ मध्ये अंतर साडेसतरा, आणि ती दोन मीटरवरचं फुलपाखरूही दाखवते. हळद्या इथे चुकणार नाही. दोघी पंधरा हजारांच्या आतबाहेर. भाव महिन्याला बदलतो, दिवाळीत वेगळा असतो.

म्हणजे निवड अशी: एकट्यासाठी उत्तम दुर्बीण स्वस्तात, की सातांसाठी बरी दुर्बीण थोड्या महागात? पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘काकाजी, तुमची तर हाय ना गाडीत?’ त्याचा डाव मला कळला. काकाजींनाही कळला. दोघं एका गाडीत कधीच नसतात, हे त्यालाही ठाऊक आहे.

दुपारी ३.३०

दुसरी फेरी. तापलेल्या पाचोळ्यावरून झळा उठतायत आणि लांबच्या पाणवठ्याकडे पाहिलं तर चितळांचे पाय पाण्यात विरघळल्यासारखे हलतात. मागच्या गाडीतल्या कुणाची तरी १२×५० काही मिनिटं हातात आली. झळासुद्धा बारा पट. काकाजींच्या आठमध्ये तीच चितळं निदान मोजता तरी आली. मोठी पट विकत घेणाऱ्याने एप्रिलच्या दुपारी टिपेश्वरात यावं.

अर्धा तास वानरांचं खेकरणं ऐकत सगळ्या गाड्या एकाच वळणावर उभ्या होत्या. कॉल थांबले, कुणी आलं नाही. आमच्या गाडीतल्या हैदराबादच्या जोडप्याने ‘टायगर नहीं है क्या यहाँ’ असं विचारून घेतलं.

संध्याकाळी ६.१५

परतीच्या रस्त्यावर पुन्हा तोच अर्धवट उजेड. रस्त्यात रातवा बसलाय, फुफाट्याच्या रंगाचा. पुतण्या दुसऱ्या गाडीवर आहे, ती गाडी आमच्या मागे थांबलीय. काकाजी आपली दुर्बीण त्याच्याकडे पुढे करतात. तो स्वतः पाहण्याआधी मागच्या सीटवरच्या चष्मेवाल्या बाईंना देतो. त्या चष्मा कपाळावर सरकवतात, दुर्बीण लावतात, मग चष्मा पुन्हा शोधतात, तोवर पक्षी उडालेला. त्या म्हणतात, दिसला, दिसला. काकाजी माझ्याकडे पाहतात. काही बोलत नाहीत.

साडेसहाला गेट.

रात्री ८.३०

ठरलं. सरळ नळ्यांची, वीस मिलीमीटरवाली, ८×४२. पोराने दहाचा हट्ट सोडला असं नाही, ‘पुढच्या सालाले’ असं म्हणून ठेवलाय.

पार्सल पांढरकवड्यापर्यंतच येतं, गावात नाही. तिथेच खोकं उघडायचं, असं काकाजींनी बजावलंय, कारण परत करायची मुदत थोडीच असते. दुर्बीण हलवून आत काही खडखडतंय का ऐकायचं. हातभर लांब धरून टिकली गोल आहे का पाहायचं. कडांना चौकोनी राखाडी सावल्या असल्या तर काच हलकी. मोबाइलच्या टॉवरच्या टोकावर पाच मिनिटं दोन्ही डोळ्यांनी पाहायचं. दोन टोकं दिसली किंवा कपाळ दुखायला लागलं, तर नळ्या एका रेषेत नाहीत, ती तशीच परत करायची. विजेच्या तारेच्या कडेला थोडी जांभळी झाक दिसली तर चालवून घ्यायचं, या पैशांत ती असतेच. आणि चुकूनही सूर्याकडे वळवायची नाही.

पट्ट्याचं मात्र त्यांनी आजच सांगून ठेवलं. खोक्यातला पट्टा बारीक असतो, दिवसभर मानेला काचतो. गॅरेजवाल्याकडे जुन्या गाडीचा सीटबेल्ट पडलाय, रुंद आणि मऊ. उद्या सकाळच्या फेरीनंतर तो कापून आणायचा आणि चांभाराकडून दोन्ही टोकांना शिलाई मारून घ्यायची.